मूठभर पिसं

सासरे: गादीची शिवण उसवलेली नाही, कापलेली आहे. कापून पुन्हा घातलीये, आणि तीसुद्धा निळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने. तुझ्या सासूच्या हातून अशी शिवण मेली तरी व्हायची नाही. मग राहिलं कोण?

सून: मी. मीच कापली.

सासरे: वा! कांदा कापल्यासारखं सांगतेस.

सून: विचारलंत, सांगितलं.

सासरे: चौदा वर्षं ही गादी माझ्या बुडाखाली आहे. तासाला कोंबडीची नऊशे पिल्लं हातांखालून जातात, अंगठ्याने दाबून बघायचं, नर इकडे, मादी तिकडे. दिवसाचे आठ तास. कंबर अजून सरळ आहे ती हिच्यामुळे. हिला उन्हात टाकायचं झालं तरी घरात मला विचारतात. आणि तू माझ्या पाठीमागे कात्री चालवलीस?

सून: विचारलं असतं तर दिली असतीत?

सासरे: नसती दिली.

सून: मग?

सासरे: मग काय मग! चोर तो चोर, वर शिरजोर. काय काढलंस आतून?

सून: चिमूटभर पिसं. आणि तळाची धूळ, अर्धा चमचा भरेल एवढी.

सासरे: त्या तुझ्या प्रयोगशाळेसाठी?

सून: हो. उद्या अकरा वाजता अंडी उबवणाऱ्या हॅचरीवाल्यांची बैठक आहे. पाचही मालक येणार आहेत. कोंबड्यांमध्ये गाठींचा रोग कुठून आला ते मला तिथे सांगायचंय. त्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आज लवकर आले.

सासरे: कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. लसवालीने शिळी लस टोचली. नायट्रोजनच्या भांड्यातून काढलेली कुपी तासाभरात संपवायची असते, ही बाई दुपारपर्यंत पुरवत बसायची. तिला काढली, विषय मिटला.

सून: तिला काढली, कारण मागच्या बैठकीत तुम्ही उभे राहून तसं सांगितलंत.

सासरे: मालकांनी विचारलं, मी सांगितलं. तीस वर्षं कोंबड्यांत घालवलीत. हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत.

सून: तुम्ही तिला शिळी लस टोचताना पाहिलंत?

सासरे: पाहायला कशाला हवं? लस दिलेली कोंबडी लुळी पडते, एक पाय पुढे, एक मागे. कापली की आत सुपारीएवढ्या गाठी. लस चांगली असती तर हे झालं असतं का?

सून: झालं असतं. लस अंगी लागायला आठवडा जातो. त्याआधीच, पहिल्याच दिवशी विषाणू पिल्लाच्या नाकात गेला तर लस काय करणार? आणि पहिल्या दिवशी पिल्लं कुठे असतात?

सासरे: हॅचरीत. आणखी कुठे?

सून: हॅचरीत कुणाच्या समोर असतात?

सासरे: सरळ बोल. मी काही बाकावरचा पोर नाही.

सून: तुमच्या समोर असतात, बाबा.

सासरे: असं होय! म्हणजे सुईवाली सुटली आणि अंगठेवाला अडकला. अगं, माझे हात हुंगून बघ. साबणाचा वास जात नाही त्यांचा. गेटवर चाकं धुतात, बूट औषधात बुडवतो, अंगावरचे कपडे उतरवून त्यांचा कोट घालतो. नखं बघ. तुझ्या नखांपेक्षा स्वच्छ आहेत.

सून: हात स्वच्छ आहेत. बूट, कोट, सगळं मान्य. चाकं धुताना, कोट बदलताना गादी कुठे असते?

सासरे: काखेत.

सून: तिला कधी कुणी औषधात बुडवली?

सासरे: गादी कुणी बुडवतं का? डोकं ठिकाणावर आहे ना?

सून: तेच तर. पाच हॅचऱ्या, पाच गेट. प्रत्येकाने बूट तपासले आणि काखेतली गादी सोडून दिली. रखवालदार तर ती तुमच्या हातातून घेऊन आत नेऊन ठेवतो, तुम्हीच सांगता.

सासरे: मान देतात. तुला सलते का ती गोष्ट? आणि एका पिसाच्या गादीने एवढा रोग पसरतो म्हणे! उद्या म्हणशील, माझ्या शिंकेने नदीला पूर आला.

सून: हा विषाणू राहतोच पिसाच्या मुळाशी. कोंडा झडला की त्याच्याबरोबर बाहेर पडतो, आणि त्या कोंड्यात महिनोन्महिने टिकतो. तुम्ही गादीवर बसलात की ती धूळ सोडते, उठलात की पुन्हा सोडते. समोर ट्रेमध्ये शंभर पिल्लं. जन्माला येऊन सहा तास झालेत त्यांना.

सासरे: मग चौदा वर्षं का नाही मेल्या कोंबड्या? आत्ताच बऱ्या मरायला लागल्या, तू डॉक्टर झाल्यावर!

सून: मरत होत्या. शेकड्याला एखादी. कुणी लक्ष दिलं नाही. पुढे तो तिखट होत गेला, मागच्या वर्षापासून शेडच्या शेड झोपायला लागल्या. ऐका तरी. पाचही हॅचऱ्यांची पिल्लं ज्यांनी नेली, त्यांच्या शेडमधल्या आजारी कोंबड्यांची पिसं मी गोळा केली. विषाणूचं जे जनुक गाठी करतं, ते प्रत्येकातलं वाचलं. शाळेत एकाची वही बघून दुसरा उतरवतो, दुसऱ्याची बघून तिसरा. मास्तर कसे पकडतात?

सासरे: चुकांवरून. पहिल्याची चूक पुढच्या सगळ्यांच्या वहीत येते.

सून: आणि दुसऱ्याची स्वतःची चूक तिसऱ्यापासून पुढे. अगदी तसंच. टेकडीवरच्या हॅचरीतल्या विषाणूत एक बदल आहे. कालव्यावरच्यात तो आहेच, वर आणखी एक. जुळ्या भावांच्या हॅचरीत तीन. मग ज्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात त्याच्या हॅचरीत चार, मग लाल फाटकाची. तिथे पाच.

सासरे: बरं मग?

सून: महिनाभर नकाशा घेऊन बसले होते मी. टेकडी आणि लाल फाटक यांच्यामध्ये एक ओढा आहे फक्त, तरी ही दोन टोकं का? खाद्याच्या गाड्या बघितल्या, जुळेना. अंडी कुठून येतात ते बघितलं, जुळेना. लसवाल्या मावशी तर पाचांपैकी दोनच ठिकाणी टोचायला जायच्या. एक दिवस डबा खाता खाता तो क्रम मोठ्याने म्हटला. टेकडी, कालवा, जुळे, मास्तर, लाल फाटक. आणि घास तोंडात फिरायला लागला.

सासरे: का? मीठ जास्त पडलं होतं?

सून: तुमचा आवाज ऐकू आला. "आधी मला टेकडीवाल्याने बोलावलं. तिथलं काम बघून कालव्यावरचा आला. मग जुळे, मग मास्तर, आणि लाल फाटकवाल्याने तर तीन वर्षं माझी वाट बघितली." लग्न होऊन आल्यापासून दर पाहुण्यासमोर ऐकतेय. माझ्या लेकीला पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं.

सासरे: म्हणजे मी चार माणसांत दोन शब्द स्वतःच्या कौतुकाचे बोललो, तेच तू माझ्या गळ्यात बांधतेस!

सून: त्या क्रमाशी जुळणारी दुसरी वहीच मला सापडली नाही.

सासरे: नवरा बाहेरगावी आहे म्हणून तोंड सुटलंय तुझं. नाहीतर एवढी हिंमत नव्हती.

सून: त्याला फोनवर सगळं सांगितलंय. तो म्हणाला, तूच बोल, माझ्याच्याने व्हायचं नाही.

सासरे: घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे वासेच आधी फिरले. बरं, गादीत काय मिळालं तुला?

सून: पाचही. एका गादीत पाच हॅचऱ्यांचे विषाणू.

सासरे: सापडलीस! मग त्यांच्याकडूनच लागले माझ्या गादीला. मी बसतो तिथे, तिथली धूळ लागणारच. मी दिला कशावरून? बाजारातून आलेल्या माणसाच्या पायाला चिखल लागला म्हणून बाजारातला चिखल त्यानेच केला?

सून: टेकडीवरचा तुम्हाला तसाच लागला असेल. पण टेकडीवरचा कालव्यावर गेला कसा? ते दोन मालक एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लाल फाटकवाला स्वतःचं खाद्य दळतो, गाडी स्वतःची, लस दुसऱ्या कंपनीची, माणसं तिथेच राहणारी. या पाचही फाटकांतून आतबाहेर करणारं माणूस एकच आहे. आणि नुसत्या बसण्याने धूळ इतकी खोल जात नाही, बाबा. मी आत हात घातला होता. पांढरी पिसं, तांबडी, करडी, ठिपक्यांची, सगळी वेगवेगळी. कुठली आहेत ती?

सासरे: पिसं ती पिसं. त्यांची काय जन्मपत्रिका असते?

(सासू ओले हात पदराला पुसत दारात येते.)

सासू: पाच ठिकाणची आहेत. मीच भरलीत.

सासरे: तू आत जा.

सासू: आत जाऊन काय करू? शेजारच्यांनाही ऐकू जातंय. अगं, यांना नवी हॅचरी मिळाली की पहिल्या दिवशी तिथल्या मोठ्या कोंबड्यांच्या शेडमधून मूठभर पिसं घेऊन यायचे. म्हणायचे, घाल गादीत, म्हणजे तिथलं अन्न टिकतं. मी कोपऱ्याची शिवण उसवायची, मूठ आत सारायची, पुन्हा शिवायची. पाच हॅचऱ्या, पाच मुठी.

सून: पिसं धुऊन भरायचात?

सासू: धुतली की बसतात गं. यांना फुगीर लागते.

सासरे: झालं समाधान? आता चौकात जाऊन ओरड. आणि ऐक सूनबाई, उद्या सांगायचंच असेल तर हेही सांग. पिसं मी भरलेली नाहीत. मी नुसता बसणारा. शिवणारे हात कुणाचे, ते विचार.

सासू: सांगा की. खुशाल माझं नाव सांगा. मला कोण कुठल्या कामावरून काढणार आहे?

सून: ऐकलंत स्वतःला? आधी मावशी, आता आई. अजून कुणी राहिलंय का?

सासरे: तुला काय जातंय बोलायला! उद्या तू त्या क्रमाचं चित्र भिंतीवर लावलंस की पाचही फाटकं बंद. बासष्टाव्या वर्षी मला दारात कोण उभं करेल? न शिकलेल्याला लोक अंगठेबहाद्दर म्हणून हसतात. मी याच अंगठ्यांवर घर चालवलं. शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर सांगतो, डोळे मिटून. दुसरं काही येत नाही मला. घरी बसून काय करू, हिच्याबरोबर भाजी निवडू?

सासू: निवडलीत तर बिघडणार नाही काही.

सासरे: तू गप्प! आणि तू, डॉक्टरीणबाई, तुझी लेक दीड वर्षाची होती, तू त्या पदवीच्या मागे. आठ तास पिल्लं निवडून आल्यावर तिला खांद्यावर घेऊन कोण फिरायचं? ताप आला तेव्हा रात्रभर मांडीवर कोण घेऊन बसलं?

सून: तुम्ही. मी ते विसरले नाही, मरेपर्यंत विसरायची नाही. म्हणूनच आधी घरात बोलतेय. उद्या मी चित्र लावायच्या आधी तुम्ही उभे राहा. म्हणा, माझ्या गादीतून गेलं, मला कल्पना नव्हती, आणि लसवालीचा यात दोष नाही. तुम्ही मुद्दाम केलंत असं कुणीही म्हणणार नाही.

सासरे: आणि नाही राहिलो उभा तर?

सून: तर मी सांगेन. नावासकट.

सासरे: सासऱ्याच्या नावासकट.

सून: हो.

सासरे: दे ते तपासणीचे कागद इकडे. कशाच्या जिवावर एवढी उडतेस ते बघू तरी.

सून: घ्या. हा क्रम. ही गादीची तपासणी, ती काल आली.

सासरे: हे समासात काय आहे? पेन्सिलने लिहिलेलं?

सून: कुठे?

सासरे: इथे, क्रमाच्या शेजारी. "बाबा", आणि पुढे प्रश्नचिन्ह. अक्षर तुझंच. खाली तारीख आहे. चार.

सून: हो. डबा खाल्ला तो दिवस.

सासरे: आज किती तारीख?

सून: बावीस.

सासरे: आणि मागची बैठक? मी लसवालीबद्दल बोललो ती? मीच सांगतो. बारा तारखेला. म्हणजे मी तिथे उभा राहून बोलत होतो तेव्हा तुला आठ दिवस ठाऊक होतं. कुठे होतीस तू तेव्हा?

सून: तिथेच. मागच्या रांगेत.

सासरे: काय करत होतीस?

सून: गादी तपासायची राहिली होती. नुसत्या क्रमावरून कुणाकडे बोट दाखवता येत नाही. खात्री केल्याशिवाय...

सासरे: माझ्याकडे बोट दाखवायला खात्री हवी, कबूल. पण ती बाई पाचांपैकी दोनच ठिकाणी जाते, एवढं म्हणायला कसली खात्री हवी होती? ते तर तुला पाठ होतं! मास्तरांच्या हॅचरीत तिने पाऊल ठेवलेलं नाही, मग तिथल्या कोंबड्या का मेल्या, एवढा एक प्रश्न मागच्या रांगेतून विचारायचा. माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. का नाही विचारलास?

सून: बाबा, पुरे.

सासरे: का पुरे? माझी गादी फाडलीस, आता तुझंही उसवू दे.

सून: भीती वाटली! झालं? भीती वाटली मला. मी तो प्रश्न विचारला असता तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण? आणि माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं असतं. संध्याकाळी याच टेबलावर तुमच्यासमोर जेवायचं होतं. म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मावशींना काढलं. तेव्हापासून रोज आरशात बघायची लाज वाटते.

सासरे: वाटलीच पाहिजे. मी न बघता बोललो. तू बघून गप्प बसलीस. आणि मला शहाणपण शिकवायला आज लवकर घरी आलीस!

सून: हो, आले. उशिरा आले, पण आले. तुम्ही अजून कुठेच आला नाहीत.

सासरे: सूनबाई!

सासू: झालं का दोघांचं? मग मला बोलू द्या. दुपारी ती आली होती.

सून: कोण?

सासू: लसवाली.

सासरे: शिव्या घालायला आली असेल.

सासू: शिव्या कशाला घालेल? चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, नको, अंगावर रस्त्याची धूळ आहे. मग म्हणाली, दादांचा शब्द सगळे मालक मानतात. दादांनी माझ्यासाठी एक शब्द टाकला तर मला परत घेतील.

सासरे: म्हणजे, तिला ठाऊक नाही?

सासू: कोण सांगणार? कामगारांना कुठे बैठकीत घेतात? तिला वाटतं, मालकांनी आपापसांत ठरवलं. तुम्हाला देवमाणूस समजते ती. आणि हिलाही. म्हणाली, तुमची सून शिकलेली आहे, तिला म्हणावं माझी वही तपास.

सून: कसली वही?

सासू: कुपी किती वाजता काढली, किती वाजता संपली, ते लिहून ठेवलंय बाईने. नऊला काढली, नऊ पन्नासला संपली. दहाला काढली, दहा पंचेचाळीसला संपली. पानंच्या पानं. एकही कुपी तासावर गेलेली नाही. कुणी मागितलं नव्हतं तिच्याकडे, आपली आपणच लिहायची.

सासरे: तू काय सांगितलंस तिला?

सासू: काय सांगणार? पाणी दिलं. गादीचं तेव्हा मला काही माहीत नव्हतं. पण त्या बैठकीवरून आल्यावर तुम्ही काय म्हणाला होतात ते मला माहीत होतं. "आज एका वाक्यात निकाल लावला" म्हणाला होतात, हात धुता धुता. ती समोर उभी होती आणि मला ते आठवत होतं.

सासरे: मग?

सासू: मग म्हटलं, उद्या अकराला बैठक आहे, तू ये. दादा तुझ्याबद्दल बोलणार आहेत.

सासरे: मला न विचारता?

सासू: हो.

सासरे: कामगारांना आत घेत नाहीत, आत्ताच म्हणालीस ना?

सासू: तुमच्याबरोबर येईल ती. तुम्हाला कुठल्या दारात कोण अडवतं?

सून: आई, मीही तिच्याबरोबर...

सासरे: तू मध्ये बोलू नकोस. तुझा अन् माझा हिशोब अजून व्हायचाय.

सून: होऊ दे. मी कुठे पळून चाललेय?

सासरे: आणि मी उद्या गेलो, उभा राहिलो, आणि तोंडातून शब्दच नाही फुटला तर?

सासू: ते तुमचं तुम्ही बघा. फक्त बोलाल तेव्हा जरा मोठ्याने बोला. बारा वर्षं त्या मशिनांच्या घरघरीत काढलीत तिने. डाव्या कानाने ऐकू येत नाही तिला.